शनिवारची गाडी आणि ट्राउटची वेळ

पिसे, लोकर आणि रेशमाचा धागा गळावर गुंडाळून त्याला किड्याचे रूप द्यायचे आणि त्या खोट्या किड्याने मासा पकडायचा, या पद्धतीला फ्लाय फिशिंग म्हणतात. गळावरच्या त्या बनावट किड्याला ‘फ्लाय’ असे नाव आहे. पद्धत फार जुनी आहे. इसवी सन २०० च्या सुमारास एलियन या रोमन लेखकाने मॅसिडोनियातील लोक लाल लोकर आणि कोंबड्याची पिसे गळाला बांधून मासे पकडतात, अशी नोंद करून ठेवली आहे आणि १४९६ मध्ये इंग्लंडमध्ये छापल्या गेलेल्या गळविद्येवरील प्रबंधात अशा बारा फ्लायांची वर्णने आहेत. हा छंद रिकामटेकड्या धनिकांचा असा समज मात्र सर्वत्र आहे आणि तो अगदीच निराधार म्हणता येणार नाही. तरीही ज्या काळात या विद्येने आजचे रूप घेतले, त्या साधारण १८८० ते १९४० मधील दक्षिण इंग्लंडकडे पाहिले तर असे दिसते की, तिच्यात मोलाची भर घालणाऱ्यांपैकी काहींच्या पदरी आठवड्याचा जेमतेम दीड दिवस होता. त्यांपैकी एक ब्रिटनचा परराष्ट्रमंत्री झाला आणि दुसरा लंडनमध्ये जन्मभर सॉलिसिटर म्हणून काम करत राहिला. वेळेच्या या तुटीवर दोघांनी काढलेला तोडगा एकच होता: अनेक नद्यांच्या मागे न धावता एकाच नदीचा एक पट्टा धरून ठेवायचा आणि तिथल्या किड्यांचे वेळापत्रक स्वतःच्या वेळापत्रकाइतके पाठ करायचे.

हे वेळापत्रक समजण्यासाठी आधी या मासेमारीची रीत समजून घेणे आवश्यक आहे. नेहमीच्या गळाला शिसे किंवा आमिष यांचे वजन असते, ते वजन भिरकावले की हलकी दोरी त्याच्यामागून ओढली जाते. फ्लायला जवळजवळ वजनच नसल्यामुळे येथे सगळा प्रकार उलटा होतो. दोरी जाड आणि जड असते, ती लवचिक काठीने आधी पाठीमागे फेकली जाते, मागे ती पूर्ण सरळ होईपर्यंत क्षणभर थांबावे लागते आणि मग तिला पुढे झेपावू दिले जाते, तेव्हा तिच्या टोकाच्या बारीक, पारदर्शक धाग्याला बांधलेला फ्लाय शेवटी अलगद पाण्यावर उतरतो. म्हणूनच दोरीची प्रतवारी तिच्या पहिल्या तीस फुटांच्या वजनावरून ठरते आणि काठीही त्याच क्रमांकाची निवडावी लागते. नवशिक्याची चूक बहुधा मागच्या थांब्यात असते. दिवसभर घाईत वावरलेला माणूस तो क्षण गिळून टाकतो आणि दोरी त्याच्याच पायाशी गोळा होते. फ्लाय पाण्यावर नीट उतरला तरी काम संपत नाही. नदीचे पाणी मध्ये वेगाने आणि काठाला संथ वाहत असल्यामुळे प्रवाह दोरीला ओढतो, दोरी फ्लायला ओढते आणि खऱ्या किड्यासारखा पाण्याबरोबर वाहण्याऐवजी फ्लाय पृष्ठभागावर बारीक रेघ उमटवत घसरू लागतो. या दोषाला ‘ड्रॅग’ म्हणतात आणि अनुभवी ट्राउट ती रेघ दिसताच तोंड फिरवतो.

ट्राउट हा थंड, प्राणवायूने समृद्ध अशा वाहत्या पाण्यातला मासा असून तो प्रवाहाकडे तोंड करून एका जागी स्थिर राहतो आणि वाहून येणारे खाद्य टिपतो. या खाद्यात मेफ्लाय गटातील किड्यांचा वाटा मोठा असतो. या किड्यांचे बहुतेक आयुष्य पाण्याखाली जाते; या पाण्यातल्या अवस्थेला ‘निम्फ’ म्हणतात आणि गटातील सर्वांत मोठ्या जातीत ती दोन वर्षांपर्यंत टिकते. मग एका ठरावीक ऋतूत, ठरावीक प्रहरी निम्फ पृष्ठभागाकडे येतात, पाठीवरची कात फोडून पंख बाहेर काढतात, काही क्षण पाण्यावर तरंगतात आणि उडून झाडाझुडपांवर जाऊन बसतात. तेथे ते पुन्हा एकदा कात टाकतात, आणि पंख फुटल्यानंतर कात टाकणारा हा कीटकांमधला एकमेव गट आहे. प्रौढ किड्याला खाता येईल असे तोंडच नसते. एखाद-दोन दिवसांत मीलन आणि अंडी घालणे उरकून तो मरतो. असंख्य निम्फ एकदम वर येण्याच्या या घटनेला ‘हॅच’ म्हणतात आणि त्या वेळी ट्राउट पृष्ठभागावर येऊन किडे टिपू लागला की त्याला ‘राइज’ म्हणतात. कोकणातील माणसाला ही कल्पना परकी वाटू नये, कारण पहिल्या जोरदार पावसानंतर चढणीचे मासे ओढ्या-वहाळांत कधी शिरणार हे ओळखून रात्री पाण्यावर जाणाऱ्यांचे गणितही अशाच मोजक्या घटकांवर बेतलेले असते.

राइजची वेळ ऋतूप्रमाणे सरकते. मे महिन्यात दक्षिण इंग्लंडच्या नद्यांवर सकाळी अकराच्या सुमारापासून दुपारी दोन-तीनपर्यंत किडे निघतात. जुलैच्या उन्हात दुपार कोरडी जाते आणि संध्याकाळी, सूर्य कलल्यावर, निळसर पंखांच्या ‘ब्लू-विंग्ड ऑलिव्ह’ जातीचा हॅच होतो. दिवसभर नदीकाठी बसून राहणाऱ्याच्या वाट्यालाही म्हणजे खरे काम दोन-तीन तासांचेच येते. नोकरदार माणसाला या छंदात जागा मिळाली ती या फटीतून, आणि ही गोष्ट फ्लाय फिशिंगवरच्या पुस्तकांत जितक्या ठळकपणे यायला हवी तितकी क्वचितच येते.

या नद्याही विशेष आहेत. हॅम्पशर परगण्यातील टेस्ट आणि इचेन या नद्या ‘चॉक स्ट्रीम’ म्हणून ओळखल्या जातात, म्हणजे त्यांचे पाणी खडूच्या सच्छिद्र टेकड्यांमधून झऱ्यांच्या रूपाने येते. हिवाळ्यातला पाऊस खडूत मुरतो आणि गाळून निघालेले ते स्वच्छ पाणी वर्षभर सुमारे दहा-अकरा अंश सेल्सिअस तापमानाने बाहेर पडत राहते, त्यामुळे नदीला सहसा अचानक पूर येत नाही आणि ती आटतही नाही. पाणी क्षारयुक्त असल्याने त्यात वनस्पती आणि कीटक भरपूर, आणि ते इतके नितळ की मासा माणसाला दिसतो व माणूसही माशाला दिसतो. जगातील बहुतेक चॉक स्ट्रीम इंग्लंडमध्येच आहेत. उन्हाळ्यात त्यांच्यात पांढऱ्या फुलांची पाणवनस्पती इतकी माजते की नदीचे राखणदार ती ठरावीक तारखांना कापून प्रवाहात सोडून देतात. त्या दिवशी पाण्यावर या वनस्पतीचे पुंजके अखंड वाहत असतात, प्रत्येक फेकीला गळ त्यांत अडकतो आणि मासेमारी अशक्य होते. या तारखा आधी जाहीर केल्या जातात, आणि आठवड्यातून एकच दिवस हाती असलेला माणूस त्या डायरीत आधी टिपून ठेवतो.

लंडनच्या माणसाला या नद्या जवळ आणल्या त्या रेल्वेने. इचेनच्या वरच्या खोऱ्यातील इचेन ॲबस या खेड्याला १८६५ मध्ये स्टेशन मिळाले. याच मार्गावरून आल्सफर्डच्या झऱ्यांवर वाढवलेली वॉटरक्रेस ही पालेभाजी लंडनच्या बाजारात जात असे. सर एडवर्ड ग्रे याने १८९० मध्ये येथे नदीकाठी एक साधे, छोटे घर बांधले. ग्रे १८८५ पासून खासदार होता, १८९२ ते १८९५ या काळात परराष्ट्र खात्याचा उपमंत्री आणि डिसेंबर १९०५ पासून सलग अकरा वर्षे परराष्ट्रमंत्री. वेळेच्या चिमटीत मासेमारी करण्याची सवय त्याला शाळेतच लागली होती. विंचेस्टरच्या ज्या निवासी शाळेत तो शिकला, तेथे दुपारच्या छोट्या सुट्टीत मुले काठ्या घेऊन इचेनच्या पाण्याकडे धावत आणि ज्या ट्राउटवर रोज एवढे गळ पडत, ते मासे शाळेतील मुलांपेक्षा अधिक शहाणे झालेले असत.

ग्रेचे ‘फ्लाय फिशिंग’ हे पुस्तक १८९९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात त्याने लंडनच्या उन्हाळ्यातील कोंडमाऱ्याचे आणि शनिवारी पहाटे सहाच्या सुमारास वॉटर्लू स्टेशनावरून सुटणाऱ्या गाडीचे वर्णन केले आहे. पार्लमेंटचे कामकाज रात्री उशिरापर्यंत चाले, तरीही पहाटेची ती गाडी धरायची म्हणजे सकाळचा राइज सुरू होण्यापूर्वी नदीवर पोहोचता येते, हा हिशेब त्यामागे होता. पार्लमेंटची बैठक शुक्रवारी लवकर संपवण्याची व्यवस्था पुढे १९०२ मध्ये सत्ताधारी नेते आर्थर बॅल्फर यांच्या पुढाकाराने झाली आणि तिच्यामुळे इंग्लंडच्या सत्ताधारी वर्गाचा ‘वीकएंड’ पक्का झाला. बॅल्फर स्वतः गोल्फचे वेडे होते, ही बाब या सुधारणेच्या संदर्भात अगदीच गैरलागू म्हणता येणार नाही. ग्रे आणि त्याची पत्नी डोरोथी आपल्या शनिवार-रविवारच्या मुक्कामांत कोणते फूल कधी उमलले, कोणता पक्षी कधी बोलू लागला, हे एका वहीत टिपून ठेवत. १९०६ मध्ये घोडागाडीच्या अपघातात डोरोथीचा मृत्यू झाला. ग्रेला तेव्हा मंत्रिपदावर येऊन दोनच महिने झाले होते. पुढे त्या नोंदी त्याने खासगी वितरणासाठी छापून घेतल्या.

ग्रेच्या या जीवनक्रमावर टीका झाली आणि ती दुर्लक्ष करण्याजोगी नाही. परराष्ट्रमंत्री असूनही एप्रिल १९१४ मधील पॅरिसचा दौरा वगळता महायुद्धापूर्वीच्या मंत्रिपदाच्या काळात तो परदेशी गेला नाही. युरोपातील राजधान्यांपेक्षा या गृहस्थाला हॅम्पशरचा ट्राउट अधिक परिचित आहे, असे विरोधकांना म्हणता येत होते. महायुद्ध टाळण्यात ग्रे कमी पडला का, हा प्रश्न इतिहासकारांमध्ये आजही वादाचा आहे, मात्र त्याचे उत्तर मासेमारीत शोधणे हा उथळपणा ठरेल. अकरा वर्षे एकच खाते सांभाळणारा माणूस कोणत्या आधारावर टिकला, हे त्या नदीकडे पाहिल्याशिवाय कळत नाही, एवढे मात्र निश्चित.

नदीकाठचा वेळ तो किती काटेकोरपणे राखून ठेवत असे, याचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी पदावर असतानाच, आफ्रिकेचा दौरा आटोपून इंग्लंडला आल्यावर आपल्याला तेथील पक्ष्यांचे आवाज ऐकायचे आहेत, असा निरोप पाठवला होता. त्याप्रमाणे ९ जून १९१० रोजी हे दोघे इचेनच्या खोऱ्यातून आणि नंतर न्यू फॉरेस्टमधून पायी फिरले, वृत्तपत्रांचा ससेमिरा टाळून. डिसेंबर १९१९ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात ‘रिक्रिएशन’, म्हणजे विरंगुळा, या विषयावर दिलेल्या व्याख्यानात ग्रेने ही हकीकत सांगितली. इतक्या आधी ठरवलेली भेट नेमक्या दिवशी पार पडली याचे त्याला विशेष अप्रूप होते. विरंगुळाही कामाइतकाच आधी आखावा लागतो, हे त्या व्याख्यानातले सूत्र आहे. त्या वेळेपर्यंत त्याची दृष्टी इतकी मंदावली होती की पाण्यावर तरंगणारा बारीक फ्लाय त्याला दिसत नसे आणि हाताला ओढ जाणवते म्हणून तो मोठ्या सामन माशाच्या मासेमारीकडे वळला होता.

ग्रे ज्या पंथाचा होता, त्याला ‘ड्राय फ्लाय’ म्हणतात: मासा राइज करताना दिसला की त्याच्या वरच्या बाजूला तरंगता, कोरडा फ्लाय टाकायचा आणि दिसलाच नाही तर काठी खाली ठेवून थांबायचे. या पंथाचा स्मृतिकार फ्रेडरिक हॅलफर्ड. कापडाच्या कौटुंबिक व्यवसायातून १८८९ मध्ये, पंचेचाळिशीतच तो निवृत्त झाला. १८८६ मध्ये तरंगत्या फ्लायांच्या बांधणीवर आणि १८८९ मध्ये ड्राय फ्लायच्या सिद्धांतावर त्याने लिहिलेली पुस्तके प्रमाणग्रंथ मानली गेली. त्यांच्या आधाराने अनुयायांनी असा दंडक घालून टाकला की, चॉक स्ट्रीमवर बुडणारा फ्लाय वापरणे सभ्य माणसाला शोभत नाही.

या दंडकाला सुरुंग लावला जी. ई. एम. स्क्यूज याने. ग्रे ज्या शाळेत होता त्याच शाळेचा हा विद्यार्थी. १८५८ मध्ये न्यूफाउंडलंडमध्ये जन्मलेला, अविवाहित, डोळ्यांनी अधू आणि लंडनमधील वकिली कचेरीत पन्नासहून अधिक वर्षे काम केलेला. विंचेस्टरजवळच्या ॲबट्स बार्टन येथील इचेनच्या पट्ट्यावर तो १८८३ मध्ये पाहुणा म्हणून प्रथम गेला आणि १९३८ पर्यंत मुख्यतः तेथेच मासेमारी करत राहिला. एरवीच्या दिवसांत तो ब्रिटिश म्युझियममध्ये बसून गळविद्येवरची जुनी पुस्तके वाचत असे आणि नियतकालिकांत ‘व्हॅल कॉन्सन’, ‘सीफर्थ अँड सोफर्थ’ अशा गमतीदार टोपणनावांनी लिहीत असे. नीट न तरंगणारा फ्लाय बुडाला आणि नेमका तेव्हाच ट्राउटने तो घेतला, असा अनुभव आल्यावर त्याने त्याला अपघात म्हणून सोडून दिले नाही. मासा पृष्ठभागाजवळ हालचाल करतो तेव्हा तो तरंगते किडेच खातो हे गृहीतच त्याने तपासायला घेतले, आणि त्यासाठी त्याने वापरलेले साधन होते हाडाच्या नळीतला मगज ओढून काढण्याचा लांबट, अरुंद चमचा.

पकडून मारलेल्या ट्राउटच्या घशातून हा चमचा पोटापर्यंत सारायचा, एक वळसा देऊन बाहेर काढायचा आणि त्यात आलेला काळपट लगदा पांढऱ्या बशीतल्या थोड्या पाण्यात सोडायचा. लगदा हळूहळू सुटा होतो आणि एकेक किडा वेगळा दिसू लागतो: काही अर्धवट पचलेले, काही इतके ताजे की त्यांचे पाय अजून हलत असतात. तासभर राइज करताना दिसलेल्या माशाच्या पोटात पंख फुटलेले किडे थोडे आणि पंखांच्या पिशव्या फुगून काळ्या पडलेले, म्हणजे कात टाकण्याच्या बेतात असलेले निम्फ पुष्कळ, असा प्रकार त्याला वारंवार आढळला. म्हणजे पृष्ठभागावर दिसणारा तरंग हा पुष्कळदा पृष्ठभागाच्या किंचित खाली घेतलेल्या घासाचा असतो. या निरीक्षणांवर आधारलेले ‘मायनर टॅक्टिक्स ऑफ द चॉक स्ट्रीम’ हे पुस्तक १९१० मध्ये आले आणि त्यानंतरच्या तीन दशकांत निम्फचा वाद इतका पेटला की १९३८ मध्ये लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबमध्ये त्यावर रीतसर चर्चा ठेवावी लागली. ऐंशी वर्षे पूर्ण केलेल्या स्क्यूजने पुढच्याच वर्षी निम्फवर स्वतंत्र पुस्तक लिहून तिला उत्तर दिले. आज जगभर ट्राउटच्या मासेमारीत निम्फ सर्रास वापरला जातो.

हॅलफर्डला वाट पाहता येत होती, स्क्यूजला येत नव्हती, आणि दोघांच्या सिद्धांतांतील फरकाचे एक मूळ येथे असावे, असे मानण्यास जागा आहे. नदीकाठी आठवडेच्या आठवडे राहू शकणाऱ्याला आजचा दिवस फुकट गेला तरी चालतो. ज्याला सोमवारी सकाळी कचेरीत हजर व्हायचे आहे, त्याला पाण्याखाली काय चालले आहे हे शोधण्याची निकड अधिक. या तर्काला ग्रे हा अपवाद ठरतो हे मान्य करावे लागेल, कारण वेळ त्याच्याकडेही नव्हता आणि तरी तो ड्राय फ्लायशीच प्रामाणिक राहिला. पण इंग्लंडच्या सत्तावर्तुळातल्या माणसाला हवी ती गाडी आणि नदीकाठी स्वतःचे घर होते. स्क्यूज बराच काळ दुसऱ्याच्या पाण्यावर पाहुणा होता. इंग्लंडच्या नद्यांवर मासेमारीचा हक्क काठाच्या जमीनमालकाकडे असतो, आणि टेस्ट-इचेनच्या चांगल्या पट्ट्यांवरचा तो हक्क तेव्हाही सामान्यांच्या खिशाबाहेर होता, आजही आहे. शेफील्डसारख्या शहरांतील कामगार सुट्टीच्या दिवशी खास गाड्यांनी कालव्यांवर जाऊन गळ टाकत, ती परंपरा पूर्णपणे निराळी आणि संख्येने कितीतरी मोठी होती.

ट्राउट इंग्लंडपुरता राहिला नाही; इंग्रजांबरोबर तो भारतातही आला. काश्मीरमध्ये १९०० मध्ये स्कॉटलंडहून आणलेली अंडी जगली. पुढे हिमाचल, निलगिरी आणि मुन्नारच्या थंड पाण्यातही ट्राउट सोडला गेला. महाराष्ट्रातील नद्या त्याच्यासाठी फार उष्ण आहेत. येथला या दर्जाचा मासा महाशीर, आणि त्याचा जोर अनुभवण्यापेक्षा त्याला वाचवणेच आज अधिक गरजेचे आहे. लोणावळ्याच्या वळवण येथे टाटा पॉवरच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून महाशीरची पैदास केली जाते आणि महाडजवळच्या वाळण कोंडीत देवीचे मासे म्हणून तो पिढ्यान्‌पिढ्या राखला गेला आहे, त्यामुळे तेथे गळ टाकण्याचा प्रश्नच येत नाही.

इकडे इंग्लंडमध्ये इचेन ॲबसचे स्टेशन १९७३ मध्ये बंद झाले. लंडनच्या नोकरदाराला आता मात्र हॅम्पशरपर्यंत जाण्याची गरज उरलेली नाही, कारण खुद्द शहरातच एक चॉक स्ट्रीम आहे. क्रॉयडन आणि कार्शल्टन येथे उगम पावून वाँड्सवर्थला टेम्सला मिळणारी वाँडल ही ती नदी. हॅलफर्डने १८६८ मध्ये ड्राय फ्लायचे पहिले धडे येथेच गिरवले होते आणि नक्षीकार विल्यम मॉरिसचे छापील कापड १८८१ पासून याच पाण्यात धुतले जात होते. गिरण्या आणि सांडपाणी यांनी १९६० च्या दशकापर्यंत ती मृतप्राय झाली. पुढे सांडपाण्यावरील प्रक्रिया सुधारली, स्थानिक स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षे पात्रातील कचरा उपसला, शाळांमधील टाक्यांत मुलांनी वाढवलेली ट्राउटची पिल्ले नदीत सोडली गेली आणि ट्राउट पुन्हा तेथे नांदू लागला. चार तुकड्यांत सुटी होऊन पाठीवरच्या पिशवीत मावणारी कार्बनची काठी घेऊन जुलैमध्ये कचेरी सुटल्यावर ट्रामने तेथे जाता येते, आणि त्या दिवसांत प्रकाश रात्री नऊपर्यंत टिकत असल्याने संध्याकाळचा राइज हुकत नाही. मागे भिंती आणि डोक्यावर झाडे असल्यामुळे दोरी पाठीमागे फेकायला जागा नसते, म्हणून ‘रोल कास्ट’ करावा लागतो, म्हणजे दोरी पाण्यावरच ठेवून काठीच्या एका झटक्याने तिचे वेटोळे पुढे लोटायचे. गळाचा उलटा काटा आधीच चिमट्याने दाबून बसवलेला असतो. पकडलेला मासा ओल्या हाताने, शक्यतो पाण्याबाहेर न काढता सोडवायचा असतो, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो आणि तेथे बुरशी धरते.